गळ्याशी आलेला सूर

गोष्ट अशी सांगतात. एका माणसाला फाशीची शिक्षा झालेली आहे. चौकात खांब रोवलेला, दोर बांधून तयार, भोवती बघ्यांची गर्दी. ऐन वेळी अधिकाऱ्याला काय लहर येते कोण जाणे, तो एक व्हायोलिन मागवतो आणि कैद्याला म्हणतो, “हे वाजवून दाखव. नाचता येईल असं काही निघालं तर तुला सोडला.” कैद्यानं उभ्या जन्मात व्हायोलिन हातात धरलेलं नाही. त्यात पहारेकऱ्यानं खोडसाळपणे खुंट्या पिरगाळून तारा बिघडवून ठेवल्यात. कैदी ते वाद्य कसंबसं खांद्याला टेकवतो, गज एका तारेवर ठेवतो आणि ओढतो. एक सूर. मग शेजारची तार. दुसरा सूर. मग दोन्ही एकदम. एखादं बोट चुकून तारेवर पडतं आणि तिसरा सूर सापडतो. चाचपडता चाचपडता एक चाल आकाराला येते, तिला वेग येतो, गर्दीतल्या कुणाच्या तरी टाचेनं ठेका धरलेला असतो. बघता बघता सगळा चौक डुलायला लागतो. कैदी सुटतो.

कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात ही गोष्ट सांगतात आणि गोष्टीतली चालही वाजवतात. चालीचं नाव ‘रील द्यु पांद्यु’. ‘पांद्यु’ म्हणजे फासावर लटकलेला माणूस. कैदी जर सुटला, तर चालीला लटकलेल्याचं नाव का, असा प्रश्न कुणालाही पडेल. त्यावर काही ठिकाणी गोष्टीचा शेवटच वेगळा सांगतात: वाजवून झालं, सगळ्यांना आवडलं, आणि तरी त्याला फाशी दिलंच. इंग्रजी बोलणाऱ्या वादकांनी ही चाल उचलली तेव्हा आणखी गंमत झाली. इंग्रजीत ती ‘हँगमन्स रील’ झाली, म्हणजे फाशी देणाऱ्याचा रील. भाषा बदलताना दोराचं टोकच बदललं. ज्याच्या गळ्याशी आलं होतं त्याची चाल जल्लादाच्या नावावर चढली.

आता रील म्हणजे काय, हे थोडक्यात. रील हा मुळात स्कॉटलंडचा नाच आणि त्या नाचाची चाल. आपल्या कानाला तो केरव्याच्या अंगाचा वाटेल: दोन ठळक ठोके आणि प्रत्येक ठोक्यात चार सूर भरलेले. त्याचा भाऊ जिग, तो दादऱ्यासारखा सहाच्या झुल्यावर चालतो. रील नाचायला वाजवतात तेव्हा मिनिटाला साधारण ११० ते १२० ठोके पडतात. म्हणजे वादकाच्या हातून सेकंदाला सात-आठ सूर निघतात, आणि हे मिनिटभर नव्हे, नाचणारे थकेपर्यंत. रिवाजाप्रमाणे रीलचे दोन भाग असतात. पहिला भाग खालच्या सुरांत, दुसरा वरच्या. प्रत्येकात आठ आवर्तनं, प्रत्येक भाग दोनदा. एकूण बत्तीस आवर्तनांत नाचाचा एक फेरा पुरा होतो आणि चाल पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

फासावरच्याच्या रीलला मात्र दोन भाग पुरत नाहीत. तो एकेक भाग जोडत वाढत जातो. सुरुवातीला तर तो रील वाटतही नाही, सुट्या तारांवर गज फिरवून पाहिल्यासारखा वाटतो. पुढच्या भागात बोटं थोडी धीट होतात, त्याच्या पुढच्यात आणखी. शेवटी शेवटी चांगल्या कसलेल्या वादकाचा कस लागेल इतकी ती धावपळ होते. गोष्टीतला माणूस व्हायोलिन शिकला त्याच पायऱ्यांनी चाल उलगडत जाते. गोष्टीवरून चाल बांधली की चालीवरून गोष्ट, हे कुणी सांगू शकणार नाही. पण दोघी एकमेकींना इतक्या चपखल बसतात, की वेगळ्या काढल्या तर दोघींचंही नुकसान होईल.

या चपखलपणाचं खरं गुपित त्या ‘बिघडवलेल्या’ तारांत आहे. तिथे थोडं थांबायला हवं.

व्हायोलिनच्या चार तारा युरोपीय पद्धतीनं लावतात तेव्हा खालून वर जी, डी, ए, ई अशा असतात, आणि प्रत्येक तार आधीच्या तारेचा पंचम असते. हा रील वाजवायचा तर तारा लावायच्या ए, ई, ए, सी-शार्प. म्हणजे सगळ्यात खालची तार एक पूर्ण स्वर वर चढवायची, तिच्या शेजारची तेवढीच वर, तिसरीला हात लावायचा नाही आणि चौथी तीन अर्धस्वर खाली उतरवायची. ए म्हणजे आपला सा धरला, तर चार तारांवर काय मिळालं? सा, प, सा, ग.

मराठी वाचकाला यापुढे सांगायची गरज नाही, पण सांगतो. तंबोऱ्यावर वाढलेल्या कानाला सा-प-सा-ग ऐकून घरी आल्यासारखं वाटतं. बोट न लावता नुसता गज फिरवला तरी जे वाजतं ते सुरातच असतं. कुठल्याही दोन तारा एकदम वाजवल्या तरी खटकत नाही. गोष्टीतल्या पहारेकऱ्याला वाटलं, आपण वाद्य बिघडवलं. वास्तविक त्यानं ज्याला काहीच येत नाही अशा माणसासाठी ते लावून दिलं.

आमच्या घरी एक व्हायोलिन आहे. शिकायचं राहून गेलेल्या गोष्टींच्या यादीत त्याचा नंबर बराच वर लागतो. एका दुपारी मी त्याच्या खुंट्या पिळून सा-प-सा-ग लावून पाहिलं. चौथी तार उतरवताना ती पार लुळी झाल्यासारखी वाटते, कारण तीन अर्धस्वर उतरले की तारेवरचा ताण जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी होतो. खालच्या दोन तारा चढवताना उलट. एक स्वर म्हणजे फार नाही असं वाटतं, पण ताण स्वराच्या कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, तेव्हा तो सुमारे २६ टक्क्यांनी चढतो. खुंटी करकरते, आणि आता तार तुटून तोंडावर बसणार म्हणून आपण मान मागे घेतो. पण एकदा लागलं की गज टेकवावा. माझ्यासारख्या अनाड्यानं ओढलेला गजही त्या दिवशी कर्कश वाटला नाही. वाद्याच्या पोटातून एक गुंजन उठतं. ज्या तारेला आपण हात लावलेला नाही तीसुद्धा शेजारणीच्या सुरानं आपोआप थरथरत असते. शेजारच्या खोलीतून कुणी ओरडलं नाही, ही माझ्या व्हायोलिनवादनाच्या इतिहासातली पहिलीच वेळ.

जाणत्या वादकाला या लावणीत आणखी दोन सोयी मिळतात. पहिली आणि तिसरी, दोन्ही तारा सा-वर असल्यानं खालच्या सप्तकात जी बोटं बसली तीच वरच्या सप्तकात बसतात. नवीन काही शोधायला नको. दुसरी सोय जास्त मजेची आहे. तिसऱ्या तारेवर बोट ठेवून वाजवलेला गंधार आणि चौथ्या तारेचा सुटा गंधार हे एकाच उंचीचे आहेत. गज या तारेवरून त्या तारेवर झुलवत ठेवला की तोच सूर दोन आवाजांत आळीपाळीनं चमकतो. एक बोटाखालचा, मऊ, आणि दुसरा सुट्या तारेचा, धारदार. ऐकणाऱ्याला वाटतं दोन माणसं वाजवताहेत.

क्वेबेकचे जुने वादक अशा लावणीला ‘व्हियेल’सारखं लावणं म्हणत. व्हियेल म्हणजे हातानं चाक फिरवून वाजवायचं एक जुनं युरोपीय वाद्य. त्यात एक-दोन तारा अखंड घुमत राहतात आणि त्यांच्यावर चाल वाजते. थोडक्यात, आधारस्वर. आपल्याकडे व्हायोलिन आलं तेव्हा कर्नाटक संगीताच्या वादकांनी युरोपीय लावणी बाजूला ठेवून तारा सा-प-सा-प अशा लावून घेतल्या, त्यामागची गरजही हीच. दोन्हीकडच्या लोकांनी एकमेकांचं काही ऐकलेलं असण्याचा प्रश्नच नव्हता.

युरोपात शास्त्रीय संगीतवाल्यांनाही तारा फिरवून लावण्याची हौस होती. सतराव्या शतकात बीबर या ऑस्ट्रियातल्या वादक-रचनाकारानं माळेच्या प्रार्थनांवर सोनाटा लिहिले, त्यांत जवळजवळ प्रत्येकाची लावणी निराळी. पुढे १८७४ साली सां-सांस यांच्या ‘दांस माकाब्र’मध्ये मृत्यू स्वतः व्हायोलिन वाजवत स्मशानातल्या सांगाड्यांना नाचवतो. तिथे व्हायोलिनची सगळ्यात वरची तार मुद्दाम अर्धा स्वर उतरवलेली आहे, अंगावर काटा यावा म्हणून. म्हणजे फिरवलेल्या तारा आणि मरण यांची जोडी युरोपीय कानाला ओळखीची होती. क्वेबेकच्या कैद्यानं ती जोडी फोडली इतकंच.

आता हा रील क्वेबेकमध्ये पोचला कसा, हे पाहू. इथे इतिहास थोडा विनोदी आहे.

फ्रेंचांनी सेंट लॉरेन्स नदीच्या काठी वसाहत केली आणि व्हायोलिन लवकरच तिथे आलं. १६४५ साली क्वेबेक गावात एका लग्नात दोन व्हायोलिनं वाजली आणि ती पहिल्यांदाच वाजली, अशी नोंद तिथल्या जेझुइट पाद्र्यांच्या रोजनिशीत आहे. पाद्र्यांना त्याचं फार कौतुक होतं असं म्हणता येणार नाही, पण नोंद करण्याइतकी ती नवलाई होती. त्या काळात वाजायचं ते फ्रान्समधलं संगीत. मग १७५९ साली क्वेबेक शहराबाहेर ब्रिटिशांनी फ्रेंचांचा पराभव केला आणि १७६३ च्या तहानं सगळी वसाहत त्यांच्या ताब्यात गेली. जिंकणाऱ्या फौजेत स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या शिपायांची एक पलटण होती, फ्रेझरची. लढाई संपल्यावर पलटण मोडली आणि त्यातले बरेच जण तिथेच जमिनी घेऊन राहिले, फ्रेंच मुलींशी लग्नं केली. दोन पिढ्यांत त्यांची नातवंडं फ्रेंचशिवाय दुसरं काही बोलेनात. आजही नदीकाठच्या ला मालबे गावाच्या परिसरात फ्रेझर, ब्लॅकबर्न अशा आडनावांची पक्की फ्रेंच माणसं भेटतात. भाषा गेली, धर्म बदलला, पण आजोबांचे रील राहिले. पुढे एकोणिसाव्या शतकात आयरिश लोक दुष्काळामुळे बोटी भरभरून आले, त्यांनी त्यात आपली भर घातली.

तेव्हा क्वेबेकची स्थिती अशी की तोंडात गाणी फ्रान्सची आणि पायात नाच ब्रिटनचे. ‘आमची खास फ्रेंच-कॅनेडियन ओळख’ म्हणून जे व्हायोलिन अभिमानानं वाजवलं जातं त्यातला मोठा वाटा जेत्यांच्या पलटणीबरोबर आलेला आहे. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. बटाट्याची भाजी खाताना पोर्तुगीज कुठे आठवतात आपल्याला?

या मिसळणीची खरी भट्टी म्हणजे लाकूडतोड्यांच्या छावण्या. हिवाळ्यात शेती बंद. मग तरणी माणसं शरद ऋतूत जंगलात जायची, ती बर्फ वितळून नद्या मोकळ्या होईपर्यंत तिथेच. लाकडाच्या ओंडक्यांची एक खोली, मधोमध चूल, भिंतीला लागून फळ्यांचे बिछाने. फ्रेंच, स्कॉट, आयरिश सगळे एकाच छताखाली. शनिवारी रात्री दुसऱ्या दिवशी काम नाही म्हणून जो काही नाच व्हायचा तो बायकांवाचूनच. मग काही गड्यांनी दंडाला रुमाल बांधायचा. रुमालवाला तो त्या रात्रीपुरती बाई. वाजवणारा एकच. त्याला नोटेशन ठाऊक नाही. शेजारच्या बिछान्यावरचा आयरिश जे शिट्टीवर वाजवतो ते हा कानानं टिपणार, थोडं विसरणार, विसरलेल्या जागी स्वतःचं काहीतरी घालणार. त्यातून क्वेबेकच्या चालींना एक खोड लागली. कुठे एक ठोका जास्त, कुठे अर्धं आवर्तन कमी. शिस्तीच्या वादकाला अशा चाली वाकड्या वाटतात. तिथले लोक त्यांना कौतुकानं वाकड्याच म्हणतात आणि सरळ करायला जात नाहीत.

गावात हेच सगळं स्वयंपाकघरात चालायचं. रात्री माणसं जमून वाजवायची, नाचायची, त्या बैठकीला ‘वेये’ म्हणतात, म्हणजे शब्दशः जागर. घरातली सगळ्यात मोठी आणि सगळ्यात ऊबदार खोली ती स्वयंपाकघराची. टेबल बाहेर काढायचं, खुर्च्या भिंतीला लावायच्या, आणि व्हायोलिनवाला कोपऱ्यात बसायचा. जागा फारच कमी पडली तर त्याची खुर्ची उचलून टेबलावर ठेवायची. ढोल नाही, तबला नाही, दुसरं वाद्य असलंच तर कुणाच्या तरी हातात दोन चमचे. मग ठेका कोण देणार? व्हायोलिनवाल्याचे पाय.

हे पाय ज्यानं एकदा ऐकले तो विसरत नाही. वादक खुर्चीवर बसलेला असतो, अंग जवळजवळ स्थिर, चेहऱ्यावर हिशेब लिहिणाऱ्याचा भाव. आणि खाली दोन्ही पाय टाच-चवडा, टाच-चवडा असे घोड्याच्या दौडीसारखे अखंड चाललेले. बुटाचा तळ कडक हवा. जमीन लाकडी हवी, नसेल तर वादक सोबत फळी घेऊन येतो. आता याला ‘पोदोरितमी’ असं भारदस्त नाव आहे. जुनी माणसं नुसतं पाय आपटणं म्हणत. बसून का, याचं एक खुसखुशीत उत्तर सांगितलं जातं: पाद्रीबाबानं नाचायला बंदी केली होती, बसल्या जागी पाय हलवायला कुठे केली होती? हे उत्तर खरं असण्यापेक्षा सुंदर जास्त आहे. दोन हात व्हायोलिनला गुंतलेल्या माणसाला ठेका द्यायला दुसरं काय उरतं?

पण पाद्रीबाबाची बंदी मात्र खरी. नाच आणि त्याबरोबर व्हायोलिन यांवर क्वेबेकच्या कॅथलिक चर्चचा राग जुना. १६८५ साली सां-व्हालिये हे पुढे बिशप झालेले धर्मगुरू वसाहतीत आले आणि त्यांनी नव्या गव्हर्नराला लेखी सल्ला दिला. त्यात गव्हर्नराच्या मुलीनं नाचायचंच असेल तर फक्त मुलींबरोबर आणि आईच्या देखत, अशी बारीकसारीक अट घातलेली आहे. पुढची अडीचशे वर्षं प्रवचनांतून हेच बजावलं गेलं. लोकांनी ऐकलं, मान डोलावली आणि टेबल बाहेर काढलं.

भीती मात्र मनात बसली आणि तिच्या गोष्टी झाल्या. सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट रोझ लात्युलिप हिची. उपवासाचा काळ मध्यरात्री सुरू होणार, त्याच्या आदल्या रात्री नाच रंगलाय. एक देखणा परका माणूस काळ्या घोड्यावरून येतो, हातमोजे काढत नाही, आणि रोझ त्याच्याबरोबर नाचत बाराची वेळ ओलांडते. तो अर्थातच सैतान. ही गोष्ट १८३७ साली फिलिप ओबेर द गास्पे या तरुण लेखकाच्या कादंबरीत छापली गेली. ती फ्रेंच कॅनडातली पहिली कादंबरी मानतात, म्हणजे तिथल्या कादंबरीच्या जन्मालाच नाच आणि सैतान हजर होते.

या पार्श्वभूमीवर आपला कैदी पुन्हा पाहा. ज्या गावात दर रविवारी सांगितलं जातं की व्हायोलिन माणसाला नरकात नेतं, त्याच गावात त्याच रात्री गोष्ट सांगतात की व्हायोलिननं एकाला फासावरून खाली उतरवलं. त्याला वाचवायला संत येत नाही, नवस कामी येत नाही. पाद्री तिथे हजर असणार, फाशीच्या वेळी असायचाच, पण गोष्ट त्याला एक वाक्यही देत नाही. मला ही चर्चला दिलेली सगळ्यात सभ्य चपराक वाटते. कुणी उलट बोललं नाही, फक्त एक चाल वाजवली.

फाशी आणि व्हायोलिन यांच्या गोष्टी इतरत्रही आहेत, आणि त्यांच्याशी तुलना केली की क्वेबेकच्या गोष्टीची तऱ्हा कळते. स्कॉटलंडमध्ये जेम्स मॅकफर्सन नावाच्या दरोडेखोराला १७०० साली बँफ गावात फाशी दिलं. हा माणूस खरा, फाशी खरी. दंतकथा पुढे सांगते की त्यानं खांबाखाली उभं राहून स्वतः बांधलेली चाल वाजवली, मग ‘माझं व्हायोलिन कुणाला हवंय’ असं विचारलं. घ्यायला कुणी पुढे आलं नाही, तेव्हा त्यानं ते फोडून टाकलं. वर असंही सांगतात की माफीचा हुकूम घेऊन स्वार येत होता म्हणून गावानं घड्याळाचे काटे पुढे सरकवले. त्या व्हायोलिनचे म्हणून दाखवले जाणारे तुकडे आज न्यूटनमोरच्या संग्रहालयात आहेत. रॉबर्ट बर्न्स यांनीही त्याच्यावर गीत लिहिलं. अमेरिकेत केंटकीच्या डोंगरांत कॅलाहन नावाच्या माणसाबद्दल असंच सांगतात; तो आपल्याच शवपेटीवर बसून शेवटचं वाजवतो.

हे दोघे उस्ताद. त्यांचं वाजवणं म्हणजे निरोप, थोडी मिजास, ‘पाहा कोण जातोय’ असा थाट. क्वेबेकचा माणूस अनामिक आणि अनाडी. त्याला निरोप घ्यायचा नाही, वाचायचं आहे. आणि तो वाचतो ते गुणवत्तेवर नव्हे, चार तारा अपघातानं सुरात लागल्या म्हणून. या कैद्याचं नाव, गाव, साल कुठेही सापडत नाही, आणि सापडू नये हेच बरं. नाव मिळालं असतं तर तोही संग्रहालयात जाऊन बसला असता.

विसावं शतक उजाडलं आणि चाली तबकड्यांवर गेल्या. जोसेफ आलार (१८७३–१९४७) हा मॉन्ट्रियलच्या परिसरातला वादक १९२८ पासून व्हिक्टर कंपनीसाठी वाजवू लागला. त्याच्या तबकड्या क्वेबेकमध्ये गेल्या आणि सीमेपलीकडे न्यू इंग्लंडमध्येही. १८४० ते १९३० या काळात सुमारे ९ लाख फ्रेंच-कॅनेडियन कापड गिरण्यांत वगैरे कामाला म्हणून अमेरिकेत गेले होते. दहा-बारा तास मागावर उभं राहून घरी आल्यावर त्यांना स्वयंपाकघर ऐकायचं असे. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावत. तेवढ्यात चाल बसे. कोपऱ्यातली खुर्ची, चमचे आणि गोष्ट बाहेर राहत.

आलारच्या हाताखाली एक पोरगा शिकला, जां कारिन्यां. १९१६ साली लेव्हीमध्ये जन्म, घरी गरिबी, लहानपणी रस्त्यावर व्हायोलिन वाजवून पैसे मिळवलेले, मग चांभाराकडे उमेदवारी. आलारकडून तो शिकलाच, शिवाय आयर्लंडचा मायकेल कोलमन आणि स्कॉटलंडचा स्कॉट स्किनर यांच्या तबकड्या पुन्हा पुन्हा लावून त्यानं दोघांचे गज उचलले. फासावरच्याचा रील कॅनडाबाहेर कित्येकांनी पहिल्यांदा ऐकला तो याच्याच हातून. ऐकताना जाणवतं की सुरुवातीचं अडखळणं हा नुसता अभिनय आहे. त्या भागातही त्याचा गज इतका काटेकोर पडतो की अनाडी कैदी तिथे दिसतच नाही, दिसतो तो अनाडीपणाची नक्कल करणारा उस्ताद. मला व्यक्तिशः थोडं खडबडीत वाजवणारे खेड्यातले म्हातारे या चालीला जास्त शोभतात असं वाटतं. कारिन्यांच्या चाहत्यांना हे रुचणार नाही.

तर हा उस्ताद पोटासाठी काय करत होता? मॉन्ट्रियलमध्ये टॅक्सी चालवत होता, आणि तेही वर्षानुवर्षं. यहुदी मेन्युइन या जगद्विख्यात व्हायोलिनवादकाला त्याच्याबद्दल अपार आदर. हेच मेन्युइन १९५२ साली भारतात आले होते आणि पुढे रविशंकर यांच्याबरोबर वाजवत होते. खांद्यावरचं वाद्य जगात कुठे कुठे कसं वाजतं याची त्यांना खरी उत्सुकता होती. आंद्रे गान्यों या रचनाकारानं कारिन्यांसाठी एक छोटा कॉन्चेर्टो लिहिला, त्यात मेन्युइन आणि हा टॅक्सीवाला बरोबरीनं उभे राहिले. १९७४ साली कॅनडा सरकारनं त्याला ‘ऑर्डर ऑफ कॅनडा’ दिलं, १९७७ मध्ये मॅकगिल विद्यापीठानं मानद डॉक्टरेट. तोवर ऐकू येणं कमी होत चाललं होतं. १९८८ मध्ये तो गेला.

सत्तरच्या दशकात क्वेबेकच्या तरुणांना आपल्या भाषेचा आणि अस्मितेचा कैफ चढला आणि म्हाताऱ्यांची व्हायोलिनं माळ्यावरून खाली आली. १९७५ साली मॉन्ट्रियलमध्ये गावोगावचे वादक, नाचे, गोष्टी सांगणारे एकत्र आणून काही दिवस मोठा जागर झाला, त्यावर चित्रपट निघाला. ला बोतीन सुरियांत यांसारखे गट त्याच सुमारास उभे राहिले आणि पाय आपटणं रंगमंचावर, मायक्रोफोनसमोर गेलं. या काळाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय, म्हणून इथे थांबतो.

कारण एक लहानसा व्यावहारिक प्रश्न उरलाच आहे. जागरात वादक पाठोपाठ चाली वाजवतो. मधे थांबला तर नाचणारे थंड होतात. सगळ्या चाली नेहमीच्या लावणीत, आणि हा एकच रील सा-प-सा-ग मध्ये. म्हणजे तो घ्यायचा तर चारपैकी तीन तारा फिरवाव्या लागणार. ताण बदललेली तार लगेच स्थिर होत नाही. लावली की सरकते, पुन्हा लावावी लागते. घाई केली तर तुटते. चांगल्या हातालाही दोन-तीन मिनिटं जातात, आणि वाजवून झालं की तेवढीच परत फिरवायला. हल्लीचे वादक दुसरं व्हायोलिन आधीच लावून शेजारी ठेवतात. पण लाकूडतोड्यांच्या छावणीत किंवा एखाद्या शेतकऱ्याच्या स्वयंपाकघरात दुसरं व्हायोलिन कुठून आणणार?

खोलीभर माणसं घाम पुसत उभी आहेत, कुणी पाण्याच्या बादलीशी गेलंय, आणि कोपऱ्यातला माणूस मान वाकडी करून खुंटी पिळतोय. सगळ्यात वरची तार उतरवताना ती बेसूर रडते, पोरं हसतात. कुणीतरी विचारतं, “अहो, बिघडवताय कशाला चांगलं लागलेलं?”

“बिघडवतोय म्हणता?” तो मान वर न करता म्हणतो. “एका माणसाला फाशी द्यायची होती…”

माझा कयास असा, की ही गोष्ट बरोबर तेवढीच लांब आहे, जेवढा वेळ तारा लागायला लागतो.